इलेक्ट्रिक गाडीत नवीन आहात? टक्के बघणं सोडा, युनिट मोजायला लागा

नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस मी आता लांबूनच ओळखतो. नजर रस्त्यावर कमी आणि स्क्रीनवरच्या टक्क्यांवर जास्त, ६४ चे ६३ झाले की पोटात गोळा, एसी बंद, काचा खाली, आणि घरी पोचल्या पोचल्या आधी प्लग. मी पण यातूनच गेलोय. पहिले पंधरा दिवस रोज रात्री १०० टक्के करून ठेवायचो, सकाळी ऑफिसला जाऊन संध्याकाळी ८८ वर परत यायचो, की परत लावली रात्री चार्जिंगला, मोबाईलसारखी. मग एका रविवारी वही घेऊन बसलो आणि हिशोब केला तर कळलं की रोजची गरज जेमतेम साडेपाच युनिटची, आणि त्यासाठी मी ४५ युनिटची बॅटरी रोज काठोकाठ भरून ठेवतोय, वर ती लवकर खराब होईल का ही काळजीही मीच करतोय.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो, आधी टक्के विसरा. टक्का म्हणजे कशाचा टक्का हे गाडीगणिक बदलतं, थंडीत बदलतं, गाडी जुनी झाली की बदलतं. युनिट मात्र युनिटच असतं. खाली जे लिहिलंय ते जमलं तर याच क्रमाने करा, कारण पहिल्या दोन पायऱ्या कळल्या नाहीत तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं.

पायरी १ : युनिट आणि किलोवॉट यांची गल्लत करू नका

लाईट बिलावर जे युनिट असतं तेच किलोवॉट-अवर. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळलं, इतकं सोपं आहे ते. किलोवॉट म्हणजे वीज किती जोरात जातेय किंवा येतेय, युनिट म्हणजे एकूण किती गेली. गाडीच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे असतात आणि लोक हमखास गोंधळतात, ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी आणि १०० किलोवॉटची मोटर यात मोठं काय असा प्रश्नच चुकीचा आहे, एक साठा आहे आणि एक ताकद.

आता एक गंमत बघा. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट इतकी ऊर्जा असते. म्हणजे आपल्या ४५ युनिटच्या, काही क्विंटल वजनाच्या बॅटरीत पाच लिटर पेट्रोलएवढाच माल आहे! तरी गाडी तीनशे किलोमीटर जाते, कारण पेट्रोल इंजिन त्यातला साधारण तीन चतुर्थांश भाग निव्वळ उष्णता म्हणून बाहेर टाकतं आणि इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्यातलं बहुतेक सगळं चाकापर्यंत पोचवते. मला हे कळलं तेव्हा दुसरी एक गोष्ट आपोआप सुटली, ती म्हणजे इलेक्ट्रिक गाडीत एसी, समोरचा वारा, टायरमधली कमी हवा, घाट हे सगळं इतकं का जाणवतं. पेट्रोल गाडीत पण हे सगळं खर्चिकच असतं हो, पण तिथे वाया जाण्याचा ढीगच इतका मोठा की ही चिल्लर त्यात दिसत नाही. इथे टाकी पाच लिटरची आहे, चिल्लर दिसणारच.

पायरी २ : एक आठवडा नुसती नोंद ठेवा

गाडीतला ट्रिप मीटर शून्य करा आणि नेहमीसारखीच चालवा, मुद्दाम सांभाळून नको. आठवड्याने सरासरी बघा. बऱ्याच गाड्या ते दर किलोमीटरला इतके वॉट-अवर असं दाखवतात, ते उलटं करून घ्या म्हणजे डोक्यात बसतं: १४० दाखवत असेल तर हजार भागिले १४०, म्हणजे एका युनिटला सात किलोमीटर. मध्यम आकाराच्या गाडीला सहा ते आठ हा नेहमीचा पट्टा. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर असेल तर बॅटरीतून पावणेसहा युनिट गेले. भिंतीतून मात्र त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ओढले जातात कारण भिंतीतली एसी वीज (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट) बॅटरीसाठी डीसी करताना, केबलमध्ये आणि बॅटरी थंड ठेवण्यात थोडं जातं, तेव्हा मीटरवर साडेसहा धरा. साडेसहा युनिट म्हणजे किती? दीड टनाचा खोलीतला एसी चार-पाच तास भर उन्हाळ्यात चालला तर साधारण तेवढं जळतं. घराच्या विजेवर डोंगर कोसळेल वगैरे जे म्हणतात ते रोजच्या वापरात होत नाही, एक एसी वाढला असं समजायचं.

वेगाचं तेवढं नीट समजून घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून १०० वर गेलात की हवेचा रेटा जवळजवळ पावणेतीन पट होतो. म्हणून हायवेला रेंज कमी येते, आणि पेट्रोल गाडीची सवय असलेल्यांना हे उलटंच वाटतं कारण तिथे हायवेला मायलेज वाढतं. एसीचं बरोबर याच्या विरुद्ध आहे: एसी सुरुवातीचा गारवा झाला की साधारण एक किलोवॉटच्या आसपास खातो, आता ताशी २० च्या ट्रॅफिकमध्ये एक किलोमीटरला तो ५० वॉट-अवर झाला, १४० च्या हिशोबात हे खूप आहे, पण ताशी ८० ने पळताना तोच एसी किलोमीटरमागे फक्त साडेबारा. त्यामुळे हायवेला एसी बंद करून घामाघूम होणाऱ्या लोकांची मला कीव येते, वेग दहाने कमी करा आणि गारव्यात बसा. थंड प्रदेशात मात्र हीटर खरंच भूक असलेला प्राणी आहे, साधा कॉइलवाला असेल तर सुरुवातीला तीन-चार किलोवॉट सहज घेतो, हीट पंप (म्हणजे एसी उलटा चालवून बाहेरची उष्णता आत आणणारा) असेल तर बरंच कमी.

जाहिरातीतली रेंज ही प्रयोगशाळेतल्या ठराविक चाचणीची असते, तिच्यावर रागवू नका आणि तिच्यावर प्रवासही ठरवू नका. तुमच्या वहीतला आकडा गुणिले बॅटरीचे वापरता येणारे युनिट, ही तुमची रेंज. लांबच्या प्रवासाला त्यातले वरचे-खालचे दहा-दहा टक्के सोडून द्या.

पायरी ३ : तुमच्या बॅटरीची जात कोणती ते शोधा

नवीन लोक हे विचारतच नाहीत आणि मग इंटरनेटवरचा दुसऱ्याच बॅटरीचा सल्ला आपल्या गाडीला लावतात. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत दोनपैकी एक असते. एक एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली, आणि दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटवाली. दोन्ही लिथियम-आयनच, ज्याची पहिली विक्रीयोग्य बॅटरी सोनीने १९९१ मध्ये काढली आणि ज्या कामाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळालेल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, आणि एनएमसीची पूर्वज म्हणता येईल ती कोबाल्टवाली आणि ही लोखंडवाली, दोन्हींच्या मुळाशी त्यांचंच काम आहे. पासष्टीला निवृत्त होणाऱ्यांनी विचार करावा असा माणूस.

असो. एनएमसी त्याच वजनात जास्त युनिट देते, म्हणून लांब रेंजच्या गाड्यांत ती दिसते. एलएफपी जड पडते पण टिकाऊ, तापायला सहनशील, आणि तिच्यात कोबाल्ट-निकेल नाही. कोबाल्टचा मुद्दा लहान नाही, जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टचा मोठा भाग एकट्या काँगोमधून येतो आणि तिथल्या खाणींमधल्या बालमजुरीबद्दल बरंच लिहून आलेलं आहे.

रोजच्या वापरात फरक पडतो तो व्होल्टेजमुळे. एनएमसीचा एक सेल (असे अनेक सेल मिळून बॅटरी होते) भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि रिकामा होताना हळूहळू उतरत येतो, त्यामुळे व्होल्टेज बघून गाडीला कळतं की साधारण किती उरलंय. एलएफपीचा सेल मात्र जवळजवळ सगळा वेळ ३.२-३.३ च्या आसपासच रेंगाळतो, ८० टक्के असो की ४०, चेहरा तोच! त्यामुळे बीएमएस, म्हणजे बॅटरीचा सगळा कारभार बघणारा तो कॉम्प्युटर, आत किती गेलं बाहेर किती आलं हे मोजत बसतो आणि त्या मोजणीत रोज थोडी थोडी चूक साठत जाते. पूर्ण १०० ला नेलं की शेवटी व्होल्टेज एकदम चढतं, तिथे त्याला खूण सापडते आणि हिशोब परत जुळतो. म्हणूनच एलएफपीवाल्या गाड्यांच्या पुस्तिकेत अधूनमधून, बहुतेक आठवड्यातून एकदा, पूर्ण चार्ज करा असं लिहिलेलं असतं.

माझ्या मावसभावाने हे वाचलं नव्हतं, त्याने कुठेतरी २० ते ८० चा नियम ऐकलेला, आणि गाडी एलएफपीची. तीन-चार महिने बिचाऱ्याने कधी ८० च्या वर जाऊ दिली नाही. एके दिवशी घरापासून बारा किलोमीटरवर असताना १८ टक्क्यांचे बघता बघता ९ झाले, त्याला वाटलं बॅटरी गेली. गेलं काही नव्हतं, मोजणी गेली होती. दोनदा पूर्ण भरून, दोन-तीन तास प्लगवर तशीच राहू दिली आणि गाडी ताळ्यावर आली.

तुमची कोणती हे पुस्तिकेत नाही सापडलं तर सर्व्हिसवाल्याला स्पष्ट विचारा, लाजू नका.

पायरी ४ : रोजची सवय लावून घ्या आणि मग विसरून जा

बॅटरी दोन तऱ्हेने म्हातारी होते, वापरल्याने आणि नुसतं वय वाढल्याने. दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी उभी असली तरी आत रासायनिक कुरबुर चालूच असते, सेलच्या आतल्या ग्राफाइटवर (चार्ज करताना लिथियम यातच जाऊन बसतं) एक पातळ थर असतो तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. ही कुरबुर दोन गोष्टींनी वाढते, उष्णता आणि भरलेपणा. म्हणजे १०० टक्के भरून भर उन्हात चार दिवस उभी केलेली गाडी ही सगळ्यात वाईट अवस्था. रोज चालवणं तितकं वाईट नाही.

त्यातून नियम निघतात ते असे. एनएमसी असेल तर रोजची मर्यादा ७०-८० वर लावून ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा आणि सकाळी निघा, १०० करणं पाप नाही, १०० वर झोपवून ठेवणं नको. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण, बाकी दिवस जसं सोयीचं असेल तसं. दोन्हींना शून्याजवळ नेऊन सोडू नका. आणि पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करायची हे जे आजोबांच्या काळातलं ज्ञान आहे ते जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांचं, लिथियमला ते उलट त्रासदायक, तिला थोडं थोडं वरचेवर दिलेलं आवडतं. गाडीत वेळ लावायची सोय असेल तर चार्जिंग पहाटे संपेल असं लावा, रात्रभर भरलेली राहत नाही आणि गाडीही थंड झालेली असते.

एक सावधगिरी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. १०० टक्के भरून निघालात की सुरुवातीचे काही किलोमीटर रिजन, म्हणजे मोटरनेच वीज बनवत गाडी हळू करणं, नीट लागत नाही, कारण ब्रेक मारताना तयार होणारी वीज ठेवायला आत जागाच नसते. रोज पाय उचलला की गाडी आपोआप हळू व्हायची सवय आणि त्या दिवशी ती घसरल्यासारखी पुढेच जाते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तर घरून पूर्ण भरून उतरायलाच नको, खाली पोचेपर्यंत फुकटची वीज वाया आणि ब्रेक गरम.

उन्हाबद्दल अजून एक. २०१२ च्या सुमाराला अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी गरमीत सुरुवातीच्या निसान लीफ गाड्यांची क्षमता दोन वर्षांच्या आत लक्षात येण्याइतकी घटली होती, त्या बॅटरीत द्रव फिरवून थंड करायची सोयच नव्हती. आता बहुतेक गाड्यांत ती असते. तरी गाडी घेताना बॅटरी थंड कशाने होते, हवेने की कूलंटने, हा प्रश्न सनरूफच्या आधी विचारावा असं माझं ठाम मत आहे.

पायरी ५ : घरचा पॉइंट, इथे कंजूषी नको

बॅटरीला लोक घाबरतात आणि भिंतीतल्या सॉकेटकडे बघत पण नाहीत. उलटं पाहिजे. गाडीसोबत येणारा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर २३० व्होल्टवर तो १४ अँपिअर ओढतो, आणि सलग सहा-आठ तास ओढतो. घरात दुसरं कुठलंच उपकरण असं करत नाही. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, इस्त्री सारखी बंद-चालू होत असते. सोळा अँपिअरचा पॉइंट आहे ना मग झालं, असं मलाही वाटलं होतं. त्यात पार्किंगपर्यंत वायर पुरेना म्हणून मी एक्स्टेंशन बोर्ड लावला, चांगला जाडजूड होता दिसायला. तिसऱ्या रात्री खाली गेलो तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. प्लग काढायला गेलो तर निघेना, पितळी पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन सॉकेटला चिकटलं होतं.

कारण साधं आहे. सॉकेटच्या आतली पट्टी सैल असेल आणि तिथे ०.१ ओहम एवढासाच विरोध आला तरी १४ अँपिअरला त्या एका टोकावर जवळजवळ २० वॉट उष्णता तयार होते. २० वॉट ऐकायला काही नाही, पण सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते आणि ती शिसं वितळवते. तुमच्या भिंतीत रात्रभर सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं ते.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून हे करून घ्या: मेन बोर्डापासून गाडीसाठी वेगळी तांब्याची लाईन, मध्ये कुठे जोड नको, तिला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळायला लागली की लगेच लाईन तोडणारा स्विच), आणि चांगल्या दर्जाचं औद्योगिक सॉकेट किंवा थेट भिंतीवरचा चार्जर. ७ किलोवॉटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर, त्याला वायर अजून जाड लागते आणि घराचा मंजूर लोड पुरतो का तेही बघावं लागतं. वायरची जाडी अंतरावर पण ठरते, ते त्याच्यावर सोडा. अर्थिंग मोजून घ्या, नुसतं आहे म्हणून चालत नाही, बऱ्याच गाड्या अर्थिंग खराब असलं की चार्जिंगच सुरू करत नाहीत आणि लोक गाडीत दोष आहे म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करत बसतात. सगळं झाल्यावर पहिल्या रात्री तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच मेन बंद करा आणि त्या माणसाला परत बोलवा.

आणि खरंच ७ किलोवॉटची गरज आहे का ते वहीत बघा. रोज साडेसहा युनिट लागत असतील तर ३.३ वाल्याला दोन तास पुरतात. सगळ्यांनाच मोठा चार्जर लागतो असं अजिबात नाही.

पायरी ६ : फास्ट चार्जरवर गेल्यावर

तिथे लिहिलेला आकडा चार्जरचा असतो, गाडीचा नाही. १२० किलोवॉटच्या खांबाला ५० किलोवॉट घेणारी गाडी लावली तर ५० च मिळणार. आणि ते ५० पण सुरुवातीलाच. मी एकदा उभं राहून बघितलं होतं, १५ टक्क्यांना ४९ दाखवत होतं, ६० पर्यंत तसंच टिकलं, ७५ ला ३५ वर आलं, ८० च्या पुढे २० आणि ९२ ला तर ८ किलोवॉट, मागे दोन गाड्या रांगेत आणि एक गृहस्थ १०० होईपर्यंत हलणार नाही म्हणून बसलेले. सेल भरत आला की व्होल्टेज मर्यादेला टेकतं, तिथून पुढे प्रवाह कमी कमी करतच भरावं लागतं, त्याला इलाज नाही. म्हणून कमी घेऊन पोचा, ८० ला निघा. दोनदा थांबणं एकदा भरभरून थांबण्यापेक्षा लवकर होतं हे लोकांना पटत नाही पण घड्याळ लावून बघा.

कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली, गाडी स्वतःच वेग कमी करते कारण थंड ग्राफाइटमध्ये लिथियम आत शिरायला वेळ लागतो आणि घाई केली तर ते वरच धातू होऊन साठतं, ते बॅटरीला कायमचं नुकसान. नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकून निघालात तर काही गाड्या वाटेतच बॅटरी ऊबदार करून ठेवतात. महिन्यातून चार-पाच वेळा फास्ट चार्जिंग केलं तर काही बिघडत नाही, घरी सोय असताना रोज करू नका एवढंच.

पायरी ७ : पाणी, आग आणि ती छोटी बॅटरी

पावसात चार्जिंग चालतं, चार्जरची बंदूक (केबलचं टोक) गाडीत नीट बसून चार्जर आणि गाडीची आपसात बोलणी झाल्याशिवाय वीज सुरूच होत नाही. बॅटरीच्या पेटीवर आयपी६७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही चाचणीतल्या नव्या पेटीला, पुरातून गाडी घालायचा परवाना नव्हे. गाडी पाण्यात बुडून निघाली असेल तर चार्जिंगला लावू नका, चालू करून बघू नका, इमारतीपासून लांब मोकळ्यात उभी करून सर्व्हिसवाल्यांना कळवा. खालून मोठा दगड किंवा दुभाजक जोरात लागला तरी तपासून घ्या.

आग लागल्याच्या बातम्या दिसतात त्या मानाने प्रकार कमी असतात, पण लागली तर ती वेगळी असते हे खरं. एक सेल तापून फुटला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. विषारी वायू निघतो, विझवायला भरपूर पाणी लागतं आणि विझल्यावर तासांनी परत पेटू शकते. खालून सूं-सूं आवाज, पांढरा धूर किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर सामान न घेता बाहेर पडा, लांब जा, आणि अग्निशमन दलाला फोनवर पहिलंच वाक्य हे सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे.

छोटी बॅटरी म्हणजे १२ व्होल्टची. इतकी मोठी बॅटरी खाली असूनही दारं, लाईट, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं, ती मेली की भरलेली गाडी दगड. तीन-चार वर्षांनी तपासून बदलून टाका.

पायरी ८ : जुनी गाडी घेताय तर

किलोमीटर कमी आहेत म्हणून हुरळू नका, उन्हात पूर्ण भरून उभी असलेली कमी चाललेली गाडी जास्त थकलेली असू शकते. एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत, सर्व्हिसमधून लेखी मागा. पहिल्या एक-दोन वर्षांत काही टक्के पटकन उतरतात आणि मग उतार मंदावतो, त्यामुळे दोन वर्षांत ५ गेले म्हणजे दहा वर्षांत २५ जाणार असा त्रैराशिक मांडू नका. बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्क्यांची हमी देतात, ती दुसऱ्या मालकाला लागू होते का हे कागदावर बघा. घरगुती चाचणी पण करता येते, १० ला आणून १०० पर्यंत भरा, मीटरवर किती युनिट आले त्यातून दहा-बारा टक्के वजा करा, ते ९० टक्क्यांचे युनिट झाले. ४५ च्या बॅटरीत ४० च्या आसपास आले तर गाडी ठणठणीत.

थांबू का अजून, सॉलिड स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी) येईल, सोडियमवाली येईल, हा प्रश्न हमखास येतो. सोडियम-आयन बॅटरी चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये जाहीर केली, ती थंडीत चांगली आणि तिला लिथियम लागत नाही, पण वजनाच्या मानाने साठा कमी. सॉलिड स्टेटच्या घोषणा मी बरीच वर्षं ऐकतोय. रोजचे साडेसहा युनिट आजची बॅटरी आरामात देते, गरज आज असेल तर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

पायरी ९ : गाडीतली वीज घराला, आणि उलट

काही गाड्यांना बाहेर २३० व्होल्टचा पॉइंट काढता येतो, साधारण ३ किलोवॉटचा. वीज गेली तर फ्रिज, पंखे, राऊटर, दिवे आरामात चालतात. फ्रिज दिवसाला एखादं युनिट घेतो, अख्खं साधं घर सात-आठ, म्हणजे निम्मी भरलेली गाडी सुद्धा तीन दिवस काढून देते. फक्त गाडीची वायर घराच्या बोर्डात उलटी खुपसायचा उद्योग करू नका, बाहेरच्या लाईनवर काम करणारा माणूस त्याने मरू शकतो. त्यासाठी वेगळा चेंजओव्हर, म्हणजे घराला बाहेरच्या लाईनपासून आधी तोडणारा स्विच लागतो.

छतावर सोलर असेल तर एक किलोवॉटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतात, म्हणजे गाडीपुरते दोन किलोवॉट भरपूर. अडचण एकच, ऊन असतं तेव्हा गाडी ऑफिसला असते. सुट्टीच्या दिवशी दुपारी सावकाश लावायची.

आणि गाडी महिनाभर उभी ठेवून गावाला जायचं असेल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवा, सावलीत, आणि मोबाईलवरचं ॲप सारखं उघडून बघू नका कारण दर वेळी गाडी झोपेतून उठते आणि वीज खाते. काही गाड्यांत उभ्या गाडीची राखण करणारे कॅमेरे असतात, ते चालू राहिले तर साधारण पाव किलोवॉट सतत जातं. पाव किलोवॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? चोवीस तासांचे सहा युनिट झाले. ४५ मधले निम्मे म्हणजे साडेबावीस ठेवून गेला असाल तर चौथ्या दिवशी गाडीत काही उरत नाही, म्हणून बऱ्याच गाड्या २० टक्क्यांना ते आपोआप बंद करतात. तुमची करते का ते निघायच्या आधी बघून घ्या.